अप्पांचा वार्षिक राजीनामा

"आधी दार लावा, डॉक्टरीणबाई," अप्पासाहेब होनराव म्हणाले, "आणि बाहेरच्या नर्सबाईंना सांगा, मी ब्लडप्रेशर दाखवायला आलोय."

"अप्पा, पाटीवर कान-नाक-घसा लिहिलंय. ब्लडप्रेशर दाखवायला इथं कोण येतं?"

"मग घसा म्हणा. घसा चालेल. कान म्हणू नका."

मी दार लावलं. अप्पा म्हणजे बार्शीच्या भुसार बाजारातले जुने आडते. पण त्यांची खरी ओळख वेगळी. ते आमच्या संगीत श्रोते मंडळाचे अध्यक्ष होते, आणि इतकी वर्षं होते की गावातल्या नव्या पोरांना ते पद वंशपरंपरेचं वाटायचं. मंडळाच्या कार्यकारिणीवर मलाही दोन वर्षांपूर्वी घेतलं होतं. घटनेत एक महिला असावी असं लिहिलेलं होतं, आणि बाहेरगावच्या गवयाचा ऐन वेळी घसा बसला तर घरचा डॉक्टर हाताशी असलेला बरा, एवढाच त्यामागचा विचार. गाण्यातलं मला बेताचंच कळायचं. कार्यकारिणीत त्यानं कधी काही अडलं नाही.

अप्पांचं तसं नव्हतं. अप्पा गात नसत, वाजवत नसत. ते ऐकत. पहिल्या रांगेतल्या सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात डोळे मिटून बसत, आणि सगळ्या मैफलीत फार तर एकदा हात उचलून हळूच म्हणत, "वाह." कधी तेही नाही. पण ती एक वाह पडली की गाणारा माणूस मांडी सावरून बसायचा. धारवाडकडचे एक बुजुर्ग गवई घसा दाखवायला आले तेव्हा मला म्हणाले होते, "बिदागी काय, कुठंही मिळते. अप्पांची वाह मिळाली की घरी जाऊन सांगता येतं."

तर अशा माणसाला मी काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि सांगितलं, आवाज आला की बोट वर करायचं. अप्पा बोट वर करू लागले. छान, नियमानं, लयीत. मी यंत्राकडे बघितलं. अजून बटण दाबलेलंच नव्हतं.

मी काचेपुढे जाऊन हातानं थांबवलं. "अप्पा, मी आवाज सोडलेलाच नाही."

त्यांनी माझ्या ओठांकडे नीट बघितलं आणि ओशाळून हसले. "अंदाज घेत होतो. म्हटलं, आता देणार असाल."

तपासणी झाली. डावा कान गेल्यातच जमा होता. उजव्यात थोडं उरलं होतं, पण ते समोरच्या एका माणसापुरतं. तोंड दिसलं आणि तो सावकाश बोलला तर भागायचं. चार माणसं एकदम बोलली किंवा मान खाली असली की सगळं गढूळ. मी कानात यंत्र लावायला सांगितलं.

"लावून बघितलंय. पुण्यात, गुपचूप. माणसं बरी ऐकू येतात हो. पण तानपुरा पत्र्यावर खडे टाकल्यासारखा वाजतो." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आणि श्रोते मंडळाचा अध्यक्ष कानात यंत्र घालून बसला, तर गाव काय म्हणेल?"

"गावाचं सोडा. तुम्हाला काय वाटतं?"

अप्पांनी एकदा लावलेल्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "मागच्या महोत्सवात त्या बाई गात होत्या ना, शेवटच्या दिवशी? मागं लोकांनी माना हलवल्या. मला हवेतलं कळतं हो, एवढी वर्षं बसलोय. तर माझा हातही वर गेला. वाह म्हणायला. ऐकू काहीसुद्धा आलेलं नव्हतं, डॉक्टरीणबाई. मी माझा हात दुसऱ्या हातानं धरून खाली आणला." सांगताना त्यांनी तो हात पुन्हा धरला होता. "जन्मभर एवढी एकच गोष्ट खरी दिली मी लोकांना. दुकानात थोडंफार इकडंतिकडं होतं माणसाचं. पण वाह कधी खोटी नाही. ती खोटी पडायच्या आत मला त्या सोफ्यावरनं उठायचंय. यंदा राजीनामा देणार. खरा."

'खरा' म्हणाले ते का, हे बाहेरच्याला कळायचं नाही. राजीनामा अप्पा दरवर्षी देत. वार्षिक बैठकीचा शेवटचा विषय असायचा, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय.' तो पुकारला की अप्पा कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढून वाचत: वय झालं, नव्यांना संधी मिळावी, सबब राजीनामा स्वीकारून उपकृत करावे. मग उपाध्यक्ष, वकील मुकुंदराव पाटसकर, उठून म्हणत की अप्पांशिवाय मंडळाची कल्पनाच करवत नाही. अप्पा म्हणत, नाही, नाही. मग कार्यवाह भालेराव हेडमास्तर एक सुभाषित म्हणत, दरवर्षी तेच, आणि वर अर्थही सांगत. अप्पा म्हणत, नाही. मग कोषाध्यक्ष शांतिलाल सोळंकींच्या डोळ्यांत पाणी येई. हा कापडाचा व्यापारी, गिऱ्हाइकासमोर एक दमडी न सोडणारा, इथं मात्र दरसाल मनापासून रडायचा. त्यावर अप्पा विरघळत, हात जोडत आणि म्हणत, "बरं, तुमच्या मनासारखं होऊ दे." टाळ्या व्हायच्या. फेरनिवड एकमतानं. शांतिलालभाईंनी सांगून ठेवलेली बासुंदी यायची. पहिल्या वर्षी मी हे सगळं बघितलं तेव्हा मला वाटलं, केवढा हा प्रसंग. दुसऱ्या वर्षी कळलं की बासुंदीची ऑर्डर आदल्या दिवशीच गेलेली असते.

"यंदा मी मान वर करणारच नाही," अप्पा सांगत होते. "वर बघितलं की शांतिलालचे डोळे दिसतात आणि घात होतो. खाली बघायचं, तीनदा नाही म्हणायचं, हात जोडायचे आणि सुटायचं. कोण कधी काय बोलतं ते मला पाठ आहे. ऐकायला लागतंय कशाला?"

"आणि त्यांनी सोडलं नाही तर?"

"ते माझ्यावर सोपवा. तुम्ही फक्त मध्ये पडू नका. आणि हे कानाचं कुणाला..."

"अप्पा, मी डॉक्टर आहे. पेशंटची गोष्ट माझ्या तोंडून बाहेर जात नाही."

"डॉक्टर आहात हो," अप्पा टोपी घालत म्हणाले, "पण बार्शीच्या आहात."

त्याच आठवड्यात वकील पाटसकर दवाखान्यात आले. त्यांनीही आधी दार लावून घेतलं. मुकुंदराव जन्मजात उपाध्यक्ष. कोर्टात भल्याभल्यांना घाम फोडणारा हा माणूस, पण मंडळात अप्पांच्या उजव्या हाताला बसून बसून केस पिकले होते. पाटसकरवहिनी मला एकदा म्हणाल्या होत्या, "आमच्यांनी अध्यक्ष म्हणून घालायला जोधपुरी शिवून घेतलाय. दर दोन वर्षांनी तेवढा सैल करून आणायचा."

"डॉक्टर, स्पष्टच बोलतो," मुकुंदराव म्हणाले. "अप्पा हल्ली कुणाचं ऐकत नाहीत."

मला ठसका लागला.

"हसू नका. परवाच्या महोत्सवात त्या बाई म्हणाल्या, येताना गाडी बंद पडली, तीन तास उन्हात बसले. अप्पा काय म्हणाले माहितेय? छान, छान, असंच होत राहो. बाई बघतच राहिल्या. गुर्मी आहे, दुसरं काय. अध्यक्षपद डोक्यात गेलंय." त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "म्हणून ठरवलंय. यंदा राजीनामा वाचून झाला की कुणी तोंड उघडायचं नाही. अगदी गप्प बसायचं. मग मी उठून म्हणेन, जड अंतःकरणानं स्वीकारू या. हेडमास्तर तयार आहेत. शांतिलाल रडणार नाही, पोराची शपथ घेतलीय त्यानं. तुमचं काय?"

काय सांगू, मला इतकं हलकं वाटलं. देणारा द्यायला टपलेला, घेणारा घ्यायला टपलेला. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी गत. मी म्हटलं, "माझी काही हरकत नाही. मी गप्प बसेन."

"वा," मुकुंदराव म्हणाले. "तुम्ही बाई असून समजूतदार आहात."

हे शेवटचं वाक्य मी सोडून दिलं, कारण काम होणार होतं.

बैठक वाचनालयाच्या माडीवर, रविवारी दुपारी. मी जिना चढून गेले तो बासुंदीचा वास आला.

"शांतिलालभाई, यंदा बासुंदी कशाला?" मी हळूच विचारलं.

"सवयीनं सांगितली गेली हो," ते कुजबुजले. "म्हटलं, राहू दे. निरोपाची म्हणू."

मुकुंदराव जोधपुरी घालून आले होते. पायाशी पिशवी होती, आणि तिच्यातून हाराचा झेंडू डोकावत होता. नव्या अध्यक्षासाठी हार नव्या अध्यक्षानंच आणला होता. अप्पा नेहमीसारखे टोपी-कोट घालून टेबलाच्या टोकाला बसले होते, आणि आज चेहऱ्यावर शाळा सुटायची घंटा व्हायच्या आधी पोरांच्या असतो तसा भाव होता. मी मनात म्हटलं, बाई गं, आज सगळे आनंदानं घरी जाणार.

इतिवृत्त झालं, हिशेब झाला, महोत्सवाच्या तारखा झाल्या. हेडमास्तरांनी पुकारलं, "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय." अप्पांनी कागद काढला आणि वाचला. शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज जरासा हलला, दरवर्षी हलायचा नाही. मग खाली बघतच त्यांनी घडी घातली आणि कागद टेबलावर ठेवला.

कुणी बोललं नाही. पंखा कुरकुरत होता. मुकुंदराव आढ्याकडे बघत होते. हेडमास्तर टोपी काढून तिच्या आत बघत होते. शांतिलालभाई दोन्ही हात मांडीवर दाबून बसले होते, पोराची शपथ आठवत असावेत.

अप्पा खाली बघूनच थोडंसं हसले. म्हणाले, "नाही, नाही, मुकुंदराव. तुमचा शब्द मोडवत नाही, पण यंदा आग्रह करू नका."

मुकुंदरावांनी तोंड उघडलेलंच नव्हतं. त्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

पुन्हा शांतता. अप्पा थांबले. सुभाषिताला लागतो तेवढा वेळ थांबले, मग अर्थाला लागतो तेवढा. आणि म्हणाले, "हेडमास्तर, किती गोड सुभाषित आहे. पण नाही हो. खरंच नाही."

हेडमास्तरांनी टोपी डोक्यावर घातली. लगेच काढली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

मला कळून चुकलं होतं काय चाललंय. माझ्या डोळ्यांपुढं ते काचेच्या खोलीतलं बोट आलं, आवाज नसताना लयीत वर जाणारं. ह्या खोलीत कुणी त्यांना थांबा म्हणत नव्हतं, आणि ते बिचारे एकेकाचं प्रेम समजुतीनं परतवत होते.

"शांतिलाल," अप्पा म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज अगदी मऊ झाला, "पूस डोळे. या वयात रडू नये बाबा. मी काय गाव सोडून चाललोय?"

शांतिलालभाईंचे डोळे कोरडे ठक्क होते. पण ते शब्द ऐकले आणि त्यांचा हात आपसूक रुमालाकडे गेला.

त्याच वेळी मुकुंदराव उठले. ठरल्याप्रमाणं त्यांनी म्हणायचं होतं, जड अंतःकरणानं स्वीकारू या. ते उभे राहिले, टेबलाला धरलं, अप्पांच्या खाली घातलेल्या डोक्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही. आम्ही राजीनामा स्वीकारणार नाही. अप्पा, तुम्हीच अध्यक्ष. जोवर आहात तोवर तुम्हीच." आवाज फुटला त्यांचा.

बांध फुटावा तसं झालं. हेडमास्तरांनी सुटका झाल्यासारखं सुभाषित म्हणून टाकलं, अर्थासकट. शांतिलालभाई शपथबिपथ विसरून हमसून रडले. खुर्च्या सरकल्या, तिघंही उभे राहिले, तिघंही एकदम बोलायला लागले. त्या गलक्याचा काहीतरी अंश उजव्या कानापर्यंत पोचला असावा. अप्पांनी मान वर केली. बघतात तो सगळे उभे, सगळ्यांचे डोळे ओले, आणि मुकुंदराव, ज्यांच्या डोळ्यांत कधी कुणी पाणी बघितलं नव्हतं, तेही रुमाल धरून. अप्पांना वाटलं, राजीनामा मानून निरोप देताहेत. त्यांनी हात जोडले.

"मुकुंदराव," ते म्हणाले, "तुमच्या मनासारखं होऊ दे."

टाळ्या झाल्या. मुकुंदरावांनी पिशवीतून हार काढला, दोन क्षण हातात धरला आणि अप्पांच्या गळ्यात घातला.

मी उठले. "अप्पा, अहो," म्हणाले. अप्पांनी हारावरून माझ्याकडे बघितलं आणि डोळा मिचकावला. झालं काम, अशा अर्थाचा. आता काय करायचं होतं मी? चार माणसांत त्यांना कळेल असं सांगायचं तर ओरडावं लागलं असतं, आणि ओरडले असते तर कान सगळ्यांसमोर उघडे पडले असते. मी खाली बसले. अप्पांनी त्या दिवशी दोन वाट्या बासुंदी खाल्ली आणि सगळ्यांना पाठीवर थाप मारून ते जिना उतरले. इतक्या हलक्या पायांनी जिना उतरताना मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं.

सकाळी जाऊन सांगायचं मी ठरवलं होतं. पण सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच अप्पा पायरीवर उभे होते, हातात गावातला पेपर. बातमी हेडमास्तरांनीच पाठवलेली. मजकूर दरवर्षीचाच: अप्पासाहेब होनराव यांची एकमताने फेरनिवड.

आत जाऊन त्यांनी स्वतःच दार लावलं. "हेडमास्तरांनी चुकून जुनी बातमी दिली काय?"

"नाही अप्पा." मी समोर बसून सावकाश बोलले. "तुम्ही हो म्हणालात."

"मी? मी तीनदा नाही म्हणालो."

"तीनदा नाही म्हणालात तेव्हा कुणी काही बोललंच नव्हतं. बोलले ते नंतर. तुम्हीच राहा म्हणाले. मग तुम्ही हात जोडलेत."

"ते तर मी निरोपाचे जोडले हो." अप्पा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांना हळूहळू उलगडत गेलं. "म्हणजे मी नाही म्हणत होतो तेव्हा ते सगळे गप्प होते?"

मी मान हलवली.

"आणि मी त्या शांतिलालला डोळे पूस म्हणालो."

"हो."

मला वाटलं, आता हे रडतील. ते हसायला लागले. इतके हसले की बाहेरून नर्सनं दार वाजवलं. हसता हसता पाणी आलं डोळ्यांत, आणि मग ते पाणीच राहिलं, हसू गेलं.

"आज जाऊन सांगतो त्यांना, राजीनामा खरा होता म्हणून."

"का ते विचारतील."

"विचारतीलच. मुकुंदराव वकील आहे, कारण घेतल्याशिवाय सोडायचा नाही." त्यांनी पेपरची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "श्रोते मंडळाचा अध्यक्ष ठार बहिरा. गावभर हसतील लोक. आणि मग आजवर ज्यांना वाह दिली त्यांनाही वाटायचं, म्हाताऱ्याला तेव्हा तरी ऐकू येत होतं की नाही? त्यांच्या घरच्या वाह्या मी कशाला खोट्या करू?"

मी पेपर त्यांच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला.

"मग बसतो," अप्पा उठत म्हणाले. "सोफा काय, मऊ आहे. पण वाह नाही म्हणायचं. मरेपर्यंत नाही."

आणि नाही म्हणाले ते. पुढच्या प्रत्येक महोत्सवात अप्पा त्याच कोपऱ्यात डोळे मिटून बसले आणि हात एकदाही उचलला नाही. आता गंमत बघा. गवयांत बोलबाला झाला की बार्शीचे अप्पा फार कडक झालेत, आता साध्यासुध्याला वाह मिळत नाही. उन्हात तीन तास बसलेल्या त्या बाई स्वतः फोन करून पुन्हा आल्या. म्हणाल्या, माझी वाह राहिलीय तिथं. त्या गेल्या तशाच रिकाम्या हातानं, आणि परत आल्या. मुंबई-पुण्यात ज्यांच्या तारखा मिळत नसत असे लोक मिळेल त्या बिदागीवर बार्शीला येऊ लागले. जीव तोडून गायचे, आणि सोफ्याकडे बघायचे. आमच्या मंडळाला असे दिवस आधी नव्हते आणि नंतरही आले नाहीत. शांतिलालभाई म्हणायचे, बरं झालं त्या दिवशी आपण त्यांना सोडलं नाही.

मी अप्पांच्या शेजारी बसायचे. एकदा मध्यंतरात त्यांना विचारलं, "डोळे मिटून काय करता हो तुम्ही?"

"रागाचं नाव सांगतात ना सुरुवातीला, ते तुम्ही मला सांगता तेव्हा तुमच्या तोंडावरून वाचतो. मग तो राग मी तरुणपणी कुणाकडून ऐकला होता ते आठवतो आणि तोच ऐकत बसतो." ते जरा जवळ सरकले. "खरं सांगू? आजच्यांपेक्षा बरे असतात ते बहुतेक. पण वाह द्यायला माणूस समोर नसतो."

अप्पा गेले ते अध्यक्ष म्हणूनच गेले. मुकुंदराव अध्यक्ष झाले. जोधपुरी तोवर अंगाला येत नव्हता. त्यांनी नवा शिवला. बैठकीच्या त्या दुपारी ऐन वेळी वकिलाचं अवसान गळालं, अशीच माझी समजूत होती. मी ते कुठं कुठं बोलूनही दाखवलं असेल. वकील माणूस, पण म्हाताऱ्यानं दोन शब्दांत चीत केला, असं.

मध्ये बरीच वर्षं गेली. परवा मुकुंदराव दवाखान्यात आले. आता काठी घेतात. आत आले, आणि म्हणाले, "दार लावा, डॉक्टर."

मी दार लावलं. हेडफोन चढवायच्या आधीच मला अंदाज आला होता. तपासणीच्या कागदावरची रेघ अप्पांच्याइतकी वाईट नव्हती, पण त्याच वाटेवर होती. मी समोर बसून समजावून सांगितलं. मुकुंदराव ओठांकडे बघत ऐकत होते.

"अप्पांना तुम्ही तपासलं होतंत?" त्यांनी एकदम विचारलं.

"पेशंटचं मी बोलत नाही, वकीलसाहेब."

"नका बोलू. मला ठाऊक आहे. त्या बैठकीतच कळलं." त्यांनी काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली. "पहिल्यांदा मला नाही म्हणाले, तेव्हा वाटलं टोमणा मारताहेत. हेडमास्तरांना म्हणाले, तेव्हाही तसंच वाटलं. पण शांतिलालला डोळे पूस म्हणाले ना, तेव्हा त्यांचा आवाज ऐकला मी. टोमण्याचा नव्हता तो. म्हटलं, अरे देवा, ह्यांना ऐकूच येत नाहीये. आम्ही सगळे गप्प बसून ह्यांना काढतोय आणि ह्यांना वाटतंय आम्ही रडतोय." ते थांबले. "हार पिशवीत होता, डॉक्टर. माझा. पण खुर्ची घ्यायची तर समोरच्याला कळलं पाहिजे की आपण घेतोय. अशी चोरून कशी घ्यायची? म्हणून उठलो. घरी बायकोनं आठवडाभर ऐकवलं. तिलासुद्धा नाही सांगितलं मी. अप्पांची लाज झाकली जावी, एवढंच."

मी त्यांच्या तपासणीचा कागद घडी करून त्यांच्यापुढं ठेवला.

"आयुष्यात चांगलं म्हणावं असं काम एवढंच झालं माझ्या हातून," मुकुंदराव म्हणाले. "नाहीतर म्हातारा त्या दिवशी मोडून पडला असता. होय की नाही?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. अप्पा पायरीवर पेपर घेऊन उभे होते ती सकाळ मला आठवत होती.

"होय," मी म्हटलं. "फार चांगलं केलंत."

ते समाधानानं मागं रेलले. मग म्हणाले, "आता माझं ऐका. रविवारी बैठक आहे. मी राजीनामा देणार. दरवर्षीचा नाही. खरा. पण ही नवी मंडळी सोडायची नाहीत, मला माहितेय ना. आग्रहाला पडतील. शांतिलालचा मुलगा तर बापासारखाच रडतो. म्हणून ठरवलंय, मान वर करायचीच नाही. खाली बघून तीनदा नाही म्हणायचं आणि..."

"वकीलसाहेब," मी त्यांच्या काठीवर हात ठेवला. ते थांबले आणि माझ्या ओठांकडे बघू लागले. मी एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "वाचून झालं की खाली बघू नका. माझ्याकडे बघा. हात अजिबात जोडू नका. मी मान हलवली की चपला घाला आणि जिना उतरा. बासुंदीला थांबू नका."